भावातून वजा झालेली वॉरंटी

रस्त्यावर इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वस्त का मिळते, याची दोन उत्तरं मुंबईकरांना पाठ असतात: माल चोरीचा तरी असतो, नाहीतर नकली तरी. दोन्हींत तथ्य आहे. पण अंधेरी, घाटकोपर, बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनबाहेरच्या पथाऱ्या आणि त्यांच्या मागचे अरुंद गाळे नीट पाहिले, तर तिथला बराचसा माल या दोन उत्तरांत बसत नाही. चार्जर, केबल, इअरफोन, रिमोट, स्पीकर, पेन ड्राइव्ह, बदललेल्या काचेचे जुने मोबाइल, ओळीने उघडून ठेवलेले वापरलेले लॅपटॉप. यांतल्या पुष्कळ वस्तू रीतसर विकत घेतलेल्या आणि अस्सल असतात, तरीही दुकानापेक्षा निम्म्या-पाव भावात मिळतात. माझ्या मते याचं कारण साधं आहे. दुकानातल्या किमतीत वस्तूबरोबर तिच्या तपासणीची मजुरी आणि उद्या काही बिघडलं तर निस्तरण्याची जबाबदारीही धरलेली असते. रस्त्यावरच्या भावातून ती वजा झालेली असते आणि ते काम गिऱ्हाइकाच्या अंगावर येतं. हे मान्य केलं की घासाघीस किती करावी हा प्रश्न दुय्यम ठरतो. कोणत्या वस्तूतला दोष उभ्या-उभ्या पाच-दहा मिनिटांत उघडा पडतो आणि कोणत्या वस्तूतला पडत नाही, हा पहिला प्रश्न होतो.

हे चित्र पूर्वीपासून असंच नव्हतं. १९७० आणि १९८०च्या दशकांत मुंबईत टेपरेकॉर्डर, कॅल्क्युलेटर, घड्याळं स्वस्त मिळत ती आयात शुल्क चुकवून आलेली म्हणून. मनीष मार्केट, मुसाफिरखाना, हिरापन्ना ही नावं तेव्हा परदेशी मालासाठी घरोघरी ठाऊक होती. भावातली तफावत म्हणजे जवळजवळ निव्वळ शुल्क. १९९१ नंतर शुल्कं उतरत गेली. १९९७ मध्ये भारत माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत संगणक आणि त्यांचे बहुतेक सुटे भाग यांवरचं मूळ आयात शुल्क शून्यावर आलं. चोरट्या आयातीतला नफा आटला, मात्र स्वस्त मालाचा बाजार आटला नाही; उपनगरांत तर तो स्टेशनागणिक दिसतो. म्हणजे आजची तफावत दुसऱ्या कशातून तरी येत असली पाहिजे.

ती कशातून येते हे वापरलेल्या लॅपटॉपवरून सर्वांत स्वच्छ दिसतं. अंधेरी पूर्वेला १९७३ साली केवळ इलेक्ट्रॉनिक निर्यातीसाठी सीप्झ हे औद्योगिक क्षेत्र उभं राहिलं, तेव्हापासून या पट्ट्याचा इलेक्ट्रॉनिक्सशी संबंध आहे. आज मरोळ, पवई, मालाड, वांद्रे-कुर्ला संकुल इथल्या कार्यालयांत हजारो लॅपटॉप वापरात असतात. कंपनी कायदा, २०१३च्या दुसऱ्या परिशिष्टात अशा यंत्रांचं उपयुक्त आयुष्य ३ वर्षं धरलं आहे. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकावर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या ४० टक्के घसारा मिळतो. म्हणजे १ लाखाचा लॅपटॉप वर्षभराने पुस्तकात ६०,००० रुपयांचा, दोन वर्षांनी ३६,००० रुपयांचा आणि तीन वर्षांनी २१,६०० रुपयांचा उरतो. यंत्र धडधाकट असतं, हिशेबात मात्र ते म्हातारं झालेलं असतं. कंपनी असे लॅपटॉप लॉटने काढून टाकते आणि लॉट घेणारा व्यापारी ते ‘जसं आहे तसं’ या अटीवर उचलतो. त्यांतले धड लॅपटॉप पुसून-झाडून विक्रीला लागतात. एकाचा कीबोर्ड आणि दुसऱ्याचा पॅनेल घेऊन तिसरा उभा राहतो. उरलेले साकीनाक्याच्या आणि कुर्ला पश्चिमेच्या भंगाराच्या गाळ्यांत सुटे होतात. या साखळीत कोणी कोणाला फसवलेलं असेलच असं नाही. फक्त पहिल्याच पायरीवर जबाबदारी सोडून दिलेली असते आणि ती पुढे कोणीही उचलत नाही. भावात उतरलेली असते ती हीच गोष्ट.

आता हा लॅपटॉप तपासता येतो का? बऱ्यापैकी येतो, आणि म्हणूनच तो रस्त्यावर घेण्याजोगा आहे. स्टिकरवर ‘आय-फाइव्ह’ एवढंच वाचून भाव ठरवणारं गिऱ्हाईक नाडलं जातं, कारण आय-फाइव्ह हे नाव पंधराहून अधिक वर्षं चालू आहे. सिस्टिमच्या माहितीत प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक दिसतो. तो ७३००-यू असेल तर यंत्र सातव्या पिढीचं, ८३५०-यू असेल तर आठव्या. बाहेरून दोन्ही सारखेच काळे डबे, आत पहिल्यात दोन कोअर आणि दुसऱ्यात चार. शिवाय मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा तिच्यापुढचा प्रोसेसर लागतो. सातव्या पिढीचे लॅपटॉप आता इतके स्वस्त दिसतात त्यामागे हेही कारण आहे. लिनक्स चालवणाऱ्याला ते खुशाल चालतील, बँकेचे व्यवहार विंडोजवरच करणाऱ्याने त्या भावाला भुलू नये. पुढे कोरी पांढरी खिडकी पडदाभर उघडली की मेलेले ठिपके आणि पिवळे डाग दिसतात. नोटपॅड उघडून प्रत्येक कळ दाबली की कीबोर्ड कळतो. पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरीचा अहवाल निघतो. त्यात बॅटरी नवी असतानाची क्षमता आणि आजची क्षमता शेजारी-शेजारी लिहिलेली असते आणि दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्यावर असेल तर नव्या बॅटरीचा खर्च भावातून तिथल्या तिथे वळता करता येतो. शेवटी यंत्र बंद करून पुन्हा चालू करताना बायोसमध्ये शिरून पाहावं. जुन्या कंपनीचा पासवर्ड तिथे राहिला असेल तर ते यंत्र सोडून द्यावं. एवढ्याला पंधरा मिनिटं पुरतात. जो विक्रेता ती देत नाही, त्याच्याकडून लॅपटॉप घेऊ नये.

अर्थशास्त्रात या प्रश्नावर चांगलं लिहिलं गेलं आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला आणि त्या कामासाठी २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून मिळाला. मुद्दा असा की, विकणाऱ्याला दोष माहीत असतात आणि घेणाऱ्याला नसतात, तेव्हा घेणारा प्रत्येक वस्तू सरासरी दर्जाची धरूनच भाव सांगतो. त्या भावात चांगली वस्तू विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या वस्तू बाजारातून निघून जातात. त्याच वर्षी फिलिप नेल्सन यांनी वस्तूंच्या गुणांची विभागणी मांडली: काही गुण विकत घेण्याआधी पाहून कळतात, काही वापरल्यावरच. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा प्रकार जोडला: वापरूनही जे सामान्य माणसाला कळत नाहीत असे गुण. उपनगरातल्या पथारीला ही विभागणी चपखल लागू पडते. रिमोट, कीबोर्ड, माउस, मॉनिटर, स्पीकर पहिल्या प्रकारातले. लॅपटॉप थोड्या कष्टाने पहिल्यात आणता येतो. पेन ड्राइव्ह आणि पॉवर बँक दुसऱ्या प्रकारातले, आणि चार्जर तिसऱ्यातला. अकरलॉफ यांनी सांगितलेली घसरण या शेवटच्या दोन प्रकारांत होते. पहिल्या प्रकारात ती होत नाही, कारण तिथे गिऱ्हाइकाला अज्ञानी राहण्याची सक्ती नाही.

पेन ड्राइव्हचं उदाहरण थोडं सविस्तर पाहण्यासारखं आहे. पेन ड्राइव्हच्या आत साठवणुकीची चिप असते आणि तिच्यावर देखरेख करणारा एक छोटा कंट्रोलर असतो. संगणक जागा किती आहे हे चिपला विचारत नाही, कंट्रोलरला विचारतो. कंट्रोलरमधली आज्ञावली बदलली की ८ जीबीची चिप असलेला ड्राइव्ह संगणकाला बिनदिक्कत १२८ जीबी सांगतो. फाइल्स टाकल्या की नावं दिसतात, आकार दिसतो, सगळं ठीक वाटतं. खरी जागा संपली की नवा मजकूर जुन्यावर लिहिला जातो किंवा कुठेच लिहिला जात नाही, आणि हे लक्षात येतं ते कित्येक दिवसांनी, लग्नाचे फोटो उघडत नाहीत तेव्हा. ही लबाडी पकडण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे ड्राइव्ह काठोकाठ भरणं आणि लिहिलेलं सगळं पुन्हा वाचून पडताळणं. यासाठी फुकट प्रोग्रॅम मिळतात. पण सेकंदाला १० एमबी या वेगाने केवळ ६४ जीबी लिहायलाच ६,४०० सेकंद, म्हणजे जवळजवळ पावणेदोन तास लागतात. स्टेशनबाहेर इतका वेळ कोण उभं राहणार आणि कोण उभं राहू देणार? दोष शोधण्याचा खर्च वस्तूच्या किमतीपेक्षा जास्त झाला की ती वस्तू रस्त्यावर घेण्यात अर्थ उरत नाही, मग भाव ५० रुपये का असेना.

पॉवर बँकेत निदान अंकगणित मदतीला येतं. आतल्या लिथियम सेलचा दाब ३.७ व्होल्ट असतो आणि मोबाइलला ५ व्होल्ट द्यायचे असतात. १०,००० एमएएच गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॉट-तास. तेच ५ व्होल्टवर ७,४०० एमएएच, आणि रूपांतरातली गळती धरली की हाती सहा-साडेसहा हजार येतात. प्रामाणिक कंपनी हा दुसरा आकडा बारीक अक्षरांत छापते. ज्या डब्यावर हा आकडाच नाही, त्याच्यावरच्या मोठ्या आकड्यावर विसंबू नये. अठरा मिलिमीटर जाडीच्या आणि पासष्ट मिलिमीटर लांबीच्या त्या गोल सेलवर ९,९०० एमएएच असं छापलेलं सर्रास दिसतं. आजच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० च्या आसपास असते. असा एक सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, म्हणून हातात अगदी हलकी लागणारी २०,००० ची पॉवर बँक खरी असू शकत नाही. उलट जड असली म्हणजे खरीच, असंही समजू नये, कारण वजनासाठी आत वाळू किंवा लोखंडी पट्टी भरलेल्या पॉवर बँका निघालेल्या आहेत.

चार्जर याहून गंभीर. त्याच्या एका बाजूला २३० व्होल्ट असतात, दुसऱ्या बाजूला ५, आणि मध्ये असतो एक छोटा ट्रान्सफॉर्मर आणि सर्किटवर मुद्दाम मोकळं सोडलेलं काही मिलिमीटरांचं अंतर. हलक्या चार्जरमध्ये पहिली काटकसर इथेच होते. मोबाइल तरीही चार्ज होतो, महिनोन्‌महिने होतो, आणि इन्सुलेशन फुटतं त्या दिवशी ते २३० व्होल्ट मोबाइल धरलेल्या हातापर्यंत पोचू शकतात. वापरून न कळणारा दोष तो हा. यासाठीच २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंची भारतीय मानक ब्यूरोकडे सक्तीची नोंदणी सुरू झाली आणि पुढे अ‍ॅडॉप्टर आणि पॉवर बँकाही तिच्यात आल्या. वस्तूवर ‘आर’ अक्षरानंतर आठ आकडी क्रमांक असतो. शिक्का कोणीही छापू शकतो. तो क्रमांक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून उत्पादकाचं नाव डब्यावरच्या नावाशी जुळतं का, हे मात्र तिथेच मिनिटभरात पाहता येतं. जुळलं नाही तर चार्जर परत ठेवावा. माझं मत इथे ठाम आहे: दीडशे-दोनशे रुपयांच्या बचतीसाठी घरात लहान मुलं असताना असा चार्जर आणू नये.

चोरीच्या आक्षेपाकडे आता वळू. जुना मोबाइल तपासून घेता येतो, पण तो कोणाचा होता हे त्याच्या अंगावर लिहिलेलं नसतं. कायद्याची बाजू स्वच्छ आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या २७व्या कलमानुसार विकणाऱ्याला जो हक्क नाही तो घेणाऱ्याला सहसा मिळत नाही. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं असा नियम होता की खुल्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्ताच्या दरम्यान, सद्‌भावनेने घेतलेली वस्तू घेणाऱ्याची होते. तिथे तो नियम १९९५ पासून रद्द झाला, आपल्या कायद्याने तो कधी घेतलाच नव्हता. भारतीय न्याय संहितेच्या ३१७व्या कलमाखाली, वस्तू चोरीची आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असून ती घेणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा ‘मला काय माहीत’ या उत्तरावर भरवसा ठेवण्यात शहाणपण नाही. पण माहीत करून घेण्याची सोय आता प्रत्येकाच्या हातात आहे. मोबाइलवर *#०६# दाबलं की १५ आकडी आयएमईआय क्रमांक येतो. केवायएम ही तीन इंग्रजी अक्षरं, मग जागा सोडून तो क्रमांक, असा एसएमएस १४४२२ वर पाठवला की त्या मोबाइलची नोंद कळते. ती काळ्या यादीतला, नक्कल झालेला किंवा आधीच वापरात असलेला सांगत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. हरवलेले मोबाइल बंद करणाऱ्या या केंद्रीय नोंदवहीचा पहिला प्रयोग सप्टेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातच सुरू झाला आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’ या सरकारी पोर्टलवरून तो देशभर खुला झाला. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने आयएमईआयमध्ये फेरफार करणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवले आहेत. जी गोष्ट पूर्वी कधीच कळली नसती ती आता पाच मिनिटांत कळणाऱ्यांत आली. सुटे होऊन विकले जाणारे पडदे आणि कॅमेरे मात्र या जाळीतून अजून निसटतात, हे मान्य करायला हवं.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. ही सगळी तपासणी शिकलेल्या, वेळ असलेल्या माणसाला जमेल; दिवसभर राबून रात्री साडेआठच्या लोकलसाठी धावणाऱ्या बाईने, मुलाच्या ऑनलाइन वर्गासाठी जुना मोबाइल घेताना, हे कसं करावं? तिच्याजवळ दुकानाचे पैसे नाहीत, म्हणूनच ती रस्त्यावर आली आहे. या प्रश्नाला तपासणीच्या सूचना हे उत्तर अपुरं आहे. प्रत्यक्षात असं गिऱ्हाईक वस्तू तपासत नाही, माणूस तपासतं: कोण रोज त्याच जागी बसतं, कोणी शेजारणीला बिघडलेला इअरफोन बदलून दिला होता. मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गिर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये हेच दाखवलं. जिथे मालाविषयी माहिती दुर्मीळ आणि बेभरवशाची असते, तिथे लोक ठरावीक विक्रेत्याशी कायमचं गिऱ्हाईकपण जोडतात आणि घासाघीसही त्या नात्याच्या आत चालते. आपल्याकडे विक्रेता ‘चेकिंग वॉरंटी’ देतो, म्हणजे चार-आठ दिवसांत बिघडलं तर बदलून देईन. कागद नसतो, शब्द असतो. त्या शब्दाला किंमत येते ती एकाच कारणाने: विक्रेता पुढच्या आठवड्यात त्याच जागी सापडणार असतो.

आणि नेमकं हेच आपण होऊ देत नाही. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं रक्षण आणि नियमन करणारा कायदा २०१४ मध्ये आला. सर्वेक्षण करावं, नगर पथविक्रेता समिती नेमावी, प्रमाणपत्र आणि जागा द्यावी, असं तो सांगतो. मुंबईत सर्वेक्षण त्याच वर्षी झालं आणि समितीतल्या विक्रेता-प्रतिनिधींची निवडणूक व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडला. दरम्यान एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१७ रोजी स्टेशनांच्या १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम केली. गर्दीच्या वेळी अंधेरी किंवा घाटकोपरच्या जिन्याखाली उभं राहिलेल्या कोणालाही त्या मनाईमागचं कारण पटेल, मलाही पटतं. पण मनाईबरोबर दुसरी ठरलेली जागा मिळाली नाही, म्हणून विक्रेता पालिकेची गाडी आली की गाठोडं बांधतो आणि गाडी गेली की दुसऱ्या कोपऱ्यावर पसरतो. अशा माणसाला चार्जर बदलून देण्याचा शब्द पाळण्याचं कारणच उरत नाही, आणि वाईट माल विकून निसटणाऱ्याला हीच अवस्था सोयीची पडते. क्रमांक असलेली पक्की जागा दिली तर महापालिकेला भाडं मिळेल ते मिळेलच. गरीब गिऱ्हाइकाला मिळेल ती आज भावातून वजा झालेली वॉरंटी, निदान तिचा एक हिस्सा.

जुन्या वस्तू तपासून, वॉरंटीसह ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्या आल्या, मग हा बाजार हवाच कशाला, असंही विचारलं जातं. त्या कंपन्या ज्या मोबाइलची तपासणी परवडते तोच विकतात. चार हजारांचा मोबाइल, शंभर रुपयांचा रिमोट, दहा वर्षं जुन्या टीव्हीचा बोर्ड त्यांच्या हिशेबात बसत नाही. तो बसतो साकीनाक्याच्या माळ्यावर सोल्डरिंगची कांडी घेऊन बसलेल्या कारागिराच्या हिशेबात. २०२२ मध्ये जगभरात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रित झाल्याची नोंद आहे. वस्तू आणखी तीन वर्षं चालवणं हा तो कमी करण्याचा स्वस्त उपाय आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी दुरुस्त करून विकणाऱ्याला स्वतंत्र दर्जा दिला आहे. त्याने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आणि त्याच्या कामाचं प्रमाणपत्र उत्पादकाने घेतलं तर त्या उत्पादकाची पुनर्चक्रणाची जबाबदारी पुढे ढकलली जाते. म्हणजे उत्पादकाच्या लेखी या दुरुस्तीला पैशात मोजता येणारी किंमत आली. एका टेबलावर चालणाऱ्या दुरुस्तीच्या दुकानाला ती नोंदणी एकट्याने झेपणं कठीण आहे, पण एका गल्लीतल्या वीस-पंचवीस कारागिरांनी संस्था करून ती घेतली, तर उत्पादकांकडून येणारा पैसा आणि बिलावर छापता येईल असं एक नाव, दोन्ही त्यांना मिळू शकतात.